मैहरचे आचार्य अल्लाउद्दीन खाँ

मध्य प्रदेशातील मैहर हे गाव त्रिकूट टेकडीवरील शारदामातेच्या मंदिरामुळे भाविकांना परिचित आहे. संगीताच्या जगात मात्र या गावाचे नाव झाले ते एका बंगाली मुसलमान वादकामुळे. आचार्य अल्लाउद्दीन खाँ हे त्यांचे नाव. शिष्य त्यांना बाबा म्हणत. नेमाने नमाज पढणारे बाबा शारदामातेचेही निस्सीम भक्त होते. विद्या त्यांना किती कष्टाने लाभली आणि लाभल्यावर ती त्यांनी किती मुक्त हस्ते वाटली, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.

बाबांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडिया भागातील शिबपूर या खेड्यात झाला. वडील सतार वाजवीत. वडीलबंधू आफताबुद्दीन हेही संगीताचे व्यासंगी होते. शाळेत मन रमेना, म्हणून लहान वयातच त्यांनी घर सोडले आणि यथावकाश कलकत्ता गाठले. तेथे नुलो गोपाल या नावाने प्रसिद्ध असलेल्या गायकांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. पण बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावी लागेल, अशी अट घातली. सुमारे सात वर्षे लोटली आणि गुरू प्लेगला बळी पडले. या आघातानंतर गायन सोडून बाबांनी आपले चित्त वाद्यांकडे वळविले. स्वामी विवेकानंदांचे आप्त अमृतलाल, ऊर्फ हाबू दत्त, यांच्याकडे ते अनेक वाद्ये शिकले. व्हायोलिनचे पाश्चात्य पद्धतीचे शिक्षण त्यांना लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडून मिळाले. गोमंतकाचा हा धागा त्यांच्या चरित्रात असा गुंतलेला आहे.

पुढे मुक्तागाछाच्या जमीनदारांकडे अहमद अली खाँ यांचे सरोदवादन त्यांनी ऐकले आणि आजवर शिकलेले सारे त्यांना तोकडे वाटू लागले. अहमद अलींच्या सेवेत राहून ते रामपूरला पोहोचले. तेथे तानसेनाच्या वंशातील थोर बीनकार वझीर खाँ नबाबाच्या दरबारी होते. परक्या मुलाला त्यांच्या दारात प्रवेश मिळणे दुरापास्त होते. बाबांनी एके दिवशी नबाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले आणि त्यामुळे त्यांची दाद लागली, असे सांगतात. वझीर खाँनी गंडा बांधला खरा. परंतु पुढे दोन वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष तालीम दिलीच नाही. बीन हे वाद्य तर त्या घराण्याबाहेर कोणालाही शिकविण्याची रीत नव्हती. बाबा सेवा करीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर गुरूंचे मन द्रवले आणि सेनिया परंपरेतील ध्रुपद अंगाची विद्या त्यांना मिळाली. ती त्यांनी सरोदावर उतरविली.

इ. स. १९१८ च्या सुमारास मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना आपल्या दरबारी बोलावून त्यांचे शिष्यत्व पत्करले. त्याच वर्षीच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली होती. बाबांनी अशी मुले जवळ केली, त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि त्यांचे एक वाद्यवृंद उभे केले. तेच पुढे मैहर बँड म्हणून नावारूपास आले. ज्यांनी स्वरांची अक्षरेही गिरविली नव्हती, त्या मुलांना त्यांनी राग आणि ताल कानाने शिकविले. स्वतः एका दारातून दुसऱ्या दारी विद्येची याचना करीत फिरलेल्या या माणसाने आपले दार पोरक्या मुलांना उघडे ठेवले.

वाद्य वाजविणे व शिकविणे एवढ्यावर बाबा थांबले नाहीत. वाद्याच्या घडणीकडेही त्यांचे लक्ष असे. बंदुकीच्या जुन्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग हे वाद्य सिद्ध केले. शस्त्रापासून स्वर निर्माण झाला! चंद्रसारंग हे वाद्यही त्यांचेच. त्यांचे धाकटे बंधू आयेत अली खाँ हे स्वतः वाद्ये घडवीत. त्यांच्या साह्याने बाबांनी सरोदाचा भोपळा अधिक गोल केला व तारांची संख्या वाढविली. त्यामुळे संथ आलापीला आवश्यक असा गंभीर व दीर्घ नाद त्या वाद्यातून उमटू लागला.

बाबा अत्यंत कडक शिक्षक होते. शिष्यांवर ते क्षणात संतापत, प्रसंगी मारही देत. परंतु शिकविण्याचे मोल त्यांनी घेतले नाही. पुत्र अली अकबर खाँ, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी, शरन रानी अशी शिष्यपरंपरा त्यांच्या हाताखाली घडली. कन्या अन्नपूर्णादेवींची हकीकत मात्र निराळी आहे. थोरल्या मुलीला संगीतामुळे सासरी छळ सोसावा लागला होता. म्हणून धाकटीला शिकवायचेच नाही, असे बाबांनी ठरविले होते. एके दिवशी अली अकबरांची चूक ही बालिका गाऊन दुरुस्त करीत असल्याचे त्यांच्या कानी पडले आणि त्यांचा निश्चय गळून पडला. पुढे तिच्या हाती त्यांनी सूरबहार दिला. विद्या घराण्याच्या कुंपणात कोंडून ठेवणे जसे त्यांना मान्य नव्हते, तसेच ती भीतीपोटी लेकीपासून राखून ठेवणेही त्यांच्याने झाले नाही. याच अन्नपूर्णादेवींनी पुढे मुंबईत राहून कितीतरी शिष्य तयार केले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

इ. स. १९३५-३६ मध्ये उदय शंकर यांच्या नृत्यसंघाबरोबर बाबांनी युरोपचा प्रवास केला. १९५८ साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना प्राप्त झाले. तथापि मैहर त्यांनी सोडले नाही. पत्नीच्या नावावरून त्यांनी एका रागाला मदनमंजरी व घराला मदिना भवन असे नाव दिले होते. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथेच त्यांनी देह ठेवला.

विद्या दिल्याने वाढते, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याला ती मिळविण्यासाठी अर्धे आयुष्य वेचावे लागले, त्याने ती जपून ठेवली असती तर त्याला दोष कोणी दिला असता? बाबांनी तसे केले नाही. आज सरोद, सतार वा बासरीची एखादी मैफल ऐकताना त्या सुरामागे मैहरची ती टेकडी आणि तिच्या पायथ्याशी वाद्ये घेऊन बसलेली पोरकी मुले आपल्याला आठवावीत, इतकेच त्यांचे खरे स्मरण होय.