नानाभाई मूस : कुलाबा ते अलिबाग

१८५९ च्या सप्टेंबर महिन्यात सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकत्व हादरून गेले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पारशी समाजातील एका कुटुंबात, नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. त्याला शकुन मानण्याचे कारण नाही. पुढे मात्र या गृहस्थांचे सारे आयुष्य अशाच वादळांच्या नोंदी राखण्यात गेले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. याच महाविद्यालयातून पुढे १९१२ साली बाबासाहेब पदवीधर झाले. मूस एडिंबरो विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेऊन परतले आणि १८९६ साली चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केलेल्या या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होत.

वेधशाळेचे काम वरवर पाहता अगदी नीरस होते. टांगलेल्या चुंबकसूचीची दिशा आणि पृथ्वीच्या चुंबकीय बळाची तीव्रता अहोरात्र टिपून ठेवायची. एखाद्या दिवशी सूची एकाएकी थरथरू लागे, तीव्रता झपाट्याने घसरे आणि पूर्ववत होण्यास काही दिवस लागत. हेच चुंबकीय वादळ. सूर्यावरील डागांशी त्याचा संबंध असावा, अशी शंका अनेकांना होती. परंतु लॉर्ड केल्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये तो संबंध नाकारला होता. केवळ सांगणारा मोठा आहे म्हणून त्याचे म्हणणे स्वीकारू नये, हा कालाम सुत्तातील उपदेश आपल्या वाचकांना परिचित आहे. येथे तर हाताशी अर्धशतकाच्या नोंदी होत्या.

आणि नेमक्या त्याच नोंदींवर संकट आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम धावणार असे ठरले. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह चुंबकसूचीला विचलित करणार, हे मूस यांनी ओळखले. ट्राम नको, असे कोण म्हणणार? शहराला तिची गरजच होती. तेव्हा हलवायचे ते वेधशाळेलाच, आणि तेही नोंदींची मालिका न तोडता.

त्यांनी अलिबाग निवडले. (आपल्याकडची मंडळी अलिबागला जाऊन समुद्रातील कुलाबा किल्ला पाहून परततात. मुंबईचा कुलाबा वेगळा आणि हा किल्ला वेगळा, हे येथेच सांगितलेले बरे.) चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड आणवून तेथे इमारती बांधल्या. लोखंडाचा खिळासुद्धा वर्ज्य, जोडकाम तांब्या-पितळेचे. आतील तापमान दिवसरात्र फारसे बदलू नये, अशी खोल्यांची रचना केली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्यांशी मेळ बसावा. त्यानंतरच कुलाब्यातील चुंबकीय मापन थांबवले. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा मूस यांच्या चुंबकसूच्या खाडीपलीकडे सुरक्षित होत्या. माझ्या मते ही दोन वर्षांची दुहेरी मेहनत हेच त्यांचे सर्वांत मोठे काम होय. इतका धीर प्रशासनात क्वचितच दिसतो.

१९१० मध्ये १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी आणि त्यांची चिकित्सा त्यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केली. निरनिराळी वादळे सुरुवातीच्या क्षणापासून तासांनुसार मांडून त्यांची सरासरी काढण्याची रीत त्यांनी अवलंबिली. एकेका वादळात लपलेला समान आकार त्यामुळे उघड झाला. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या पुढच्या संशोधकांनी तीच वाट पुढे नेली. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा अखंड झोत वाहतो, हा सौरवाताचा सिद्धान्त युजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडला आणि १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो पडताळून दाखवला. मूस १९३६ सालीच निवर्तले होते. कारण हाती नसतानाही त्यांनी परिणामांची नोंद चोख ठेवली होती.

त्या मालिकेचे मोल २००३ मध्ये पुन्हा दिसले. अमेरिकेतील आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या वह्यांतून १८५९ चे वादळ अभ्यासले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या छायाचित्रणयंत्राची रेघ त्या वेळी कागदाबाहेर गेली होती. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी पाहून हाताने आकडे लिहीत होती. चुंबकीय तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्यांतून दिसले. १९८९ मध्ये याहून बऱ्याच सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात गेला होता. आज उपग्रह, विमानवाहतूक आणि वीजजाळे जपायचे, तर सर्वांत वाईट काय घडू शकते हे ठाऊक असावे लागते. त्या हिशेबाचा एक आधार कुलाब्याच्या त्या वह्यांत आहे.

सूर्याचा अभ्यास करण्यासाठी आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले. आपल्या शाळेतील मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवा असेल, तर या यानाच्या जोडीला अलिबागच्या पोरबंदरी दगडी खोल्याही मांडाव्यात. मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. तेथील नोंदी मात्र आजही चालू आहेत.