लेहचा आकाशमार्ग खुला करणारे मेहर सिंग

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तर जवळच्या सांबऱ्यात हवाई दलाचे वायुसैनिक घडतात. निपाणी-खानापूर परिसरातील घरांतून पलटणीत गेलेला जवान लडाखच्या ठाण्यावर जातो, तो अनेकदा वाहतूक विमानाने. हा आकाशमार्ग प्रथम खुला करणारे वैमानिक म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग.

त्यांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी लायलपूर येथे झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन १९३६ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी सहाव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. त्याबद्दल १९४४ मध्ये त्यांना डीएसओ हा सन्मान लाभला.

१९४७ मध्ये काश्मीरवर आक्रमण झाले, तेव्हा तेथील हवाई मोहिमेची धुरा त्यांच्याकडे आली. मराठा पलटणीची तिसरी पॅरा बटालियन झांगड-नौशेराच्या रणांगणात झुंजत होती, तेव्हा पूंछ शहर वेढ्यात सापडले होते. तेथे घाईने तयार केलेल्या आखूड धावपट्टीवर मेहर सिंग यांनी स्वतः डाकोटा उतरवले. त्यानंतर अन्नधान्य व दारूगोळा घेऊन विमाने येऊ लागली आणि परतताना निर्वासित व जखमींना नेऊ लागली. पूंछ तगले, ते या हवाई पुलाच्या बळावर.

खरी कसोटी पुढेच होती. १९४८ च्या उन्हाळ्यात शत्रू लेहच्या दिशेने सरकत होता आणि नगराच्या रक्षणास मूठभर सैनिक होते. अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या श्रमांतून सिंधूकाठी धावपट्टी सिद्ध केली. तिची उंची साडेअकरा हजार फुटांच्या आसपास होती. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणास अधिक लांब धाव लागते. डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, पंखांवरील बर्फ दूर करणारी यंत्रणा नव्हती, मार्गाचा विश्वसनीय नकाशाही नव्हता.

अशा स्थितीत २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी झोजीलापलीकडील हिमशिखरे ओलांडून लेहला विमान उतरवले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. धोक्याच्या कामी कनिष्ठांना पाठविण्याआधी स्वतः जाण्याचा त्यांचा शिरस्ता होता. लवकरच गुरखा जवान याच मार्गाने लेहला पोहोचले आणि नगर वाचले.

पुढे त्यांनी हवाई दल सोडले व पतियाळाच्या महाराजांचे सल्लागारपद स्वीकारले. १९५० मध्ये त्यांना महावीर चक्र प्रदान करण्यात आले. ११ मार्च १९५२ च्या रात्री जम्मूहून दिल्लीस येताना त्यांचे विमान वादळात सापडून कोसळले. सदतीस वर्षे पूर्ण होण्यास केवळ नऊ दिवस उरले होते.

आज अधिक सामर्थ्यवान विमाने लेहला सहज उतरतात. सीमाभागातील एखादी माता मुलाच्या खुशालीच्या निरोपाची वाट पाहते, तेव्हा त्या निरोपामागे मेहर सिंग यांनी आखलेली ती पहिली वाटही असते.