तीन दिवस विचार करून रहबामाने उत्तर दिलं आणि १२ पैकी १० वंश हातातून गेले

राजा शलमोन म्हटलं की शहाणपण, सोनं आणि जेरुसलेमचं मंदिर आठवतं. पण हे सगळं बांधलं कोणी? तर वेठबिगारीला जुंपलेल्या लोकांनी. बायबलमधल्या या कहाणीचं बिल शेवटी फाटलं शलमोनाच्या पोराच्या नावावर.

त्याचं नाव रहबाम. इसवी सनपूर्व ९३० च्या सुमारास शलमोन गेला तेव्हा हा गडी ४१ वर्षांचा होता. म्हणजे पोरसवदा वगैरे अजिबात नाही. इस्राएलचे एकूण १२ वंश. दक्षिणेतला यहूदा वंश त्याचा घरचाच, पण उत्तरेकडचे वंश दुखावलेले. म्हणून राज्याभिषेकासाठी त्याला उत्तरेतल्या शखेमला जावं लागलं.

लोकांची मागणी साधी होती. वडिलांनी लादलेलं ओझं हलकं व्हावं, मग ते चाकरीला तयार होते. त्यांच्यात यराबामही होता. एकेकाळी तो शलमोनाच्याच वेठबिगारांवरचा मुकादम. पुढे शलमोन जिवावर उठला म्हणून इजिप्तला पळालेला.

रहबामाने तीन दिवस मागून घेतले. वडिलांच्या वेळच्या वृद्ध सल्लागारांचं मत पडलं की आज नमतं घेतलं तर लोक कायमचे आपले होतील. सोबत वाढलेल्या दोस्तांचं मत नेमकं उलटं. त्याने दोस्तांचं ऐकलं आणि भर सभेत जाहीर केलं की आपण वडिलांपेक्षा कडक वागणार.

१० वंश तिथंच फुटले. तरी याला अंदाज आला नाही. त्याने लोकांकडे माणूस पाठवला तोही कोण? वेठबिगारीचा प्रमुख अदोराम! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. राजा रथात बसून जेरुसलेमला पळाला.

तिथं त्याने १ लाख ८० हजारांची फौज जमवल्याचं बायबल सांगतं. पण शमाया नावाच्या संदेष्ट्याने ही भावाभावांची लढाई थांबवली. उत्तरेत यराबाम राजा झाला, त्या राज्याचं नाव इस्राएल. रहबामाकडे उरले यहूदा आणि बन्यामीन.

पाचव्या वर्षी इजिप्तचा शिशक चालून आला. यराबामाला आसरा देणारा तो हाच. मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना गेला, शलमोनाच्या सोन्याच्या ढालीही गेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. बहुतेक अभ्यासक शिशकाला फॅरो शोशेंक पहिला मानतात. त्याने जिंकलेल्या गावांची यादी कर्नाकच्या मंदिरात कोरलेली आहे, पण आज वाचता येणाऱ्या नावांत जेरुसलेम नाही.

स्वतःच्या वारसाचं मात्र त्याने नीट बघितलं. मुलगे २८ होते. अबीयाला पुढे केलं, बाकीच्यांना तटबंदीच्या गावांत पाठवून त्यांच्या पोटापाण्याची सोय लावली. १७ वर्षं राज्य करून रहबाम गेला, यराबामाशी वैर तोवर चालूच होतं.