शेठजींची अखेरची पेढी

वर्ध्याहून आर्वीकडे निघालात की वाटेत आंजी (मोठी) लागते. हा सारा पट्टा गवळाऊ गाईचा. पांढरी-राखी, चपळ, वैदर्भी उन्हाला दाद न देणारी ही गाय आर्वी भागातली, म्हणून तिला आर्वी गाय असेही म्हणतात. तिच्या बैलांचे कौतुक सर्वांनी केले. दुधाचे नाव काढले की मात्र लोक गप्प! एका वेतात सहाशे लिटरच्या आसपास, म्हणजे म्हशीपुढे काहीच नाही. याच मुलखात एका लक्षाधीश कापूस-व्यापाऱ्याने आपले अखेरचे महिने गाईंच्या सहवासात काढले. ते शेठ जमनालाल बजाज.

जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी ते लहानपणीच दत्तक आले. सतराव्या वर्षी आजोबांचे शब्द जिव्हारी लागले, तेव्हा संपत्तीवरचा हक्क लेखी सोडून ते घराबाहेर पडले. समजूत घालून त्यांना परत आणावे लागले. पुढे त्यांनी पैसा कमावला, पण आपण केवळ विश्वस्त आहोत ही भावना सुटली नाही. रायबहादुरकी परत केली, १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंग भोगला, १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले. हे सारे आपण शाळेत वाचले आहे. गाईचे प्रकरण मात्र फारसे कोणी सांगत नाही.

वैयक्तिक सत्याग्रहातून १९४१ मध्ये ते सुटले तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. गांधीजींनी गोसेवेचे काम सोपवले. त्याच वर्षी वर्ध्यात गोसेवा संघ निघाला आणि शेठजी गोपुरीत झोपडी बांधून राहू लागले. संघाच्या सभासदाने दूध-तूप गाईचेच वापरायचे, असा नियम होता. मला यात व्यापारी दिसतो. गिऱ्हाईक नाही तर माल टिकणार कसा? न परवडणारी गाय शेवटी कसायाकडेच जाते, हे त्यामागचे साधे गणित.

आणि गाय परवडते ती गव्हाणीत. उन्हाळाभर नुसता कडबा आणि कुटार खाणारी गाय जगते, पण वेळेवर माजावर येत नाही. दोन वेतांतले अंतर लांबते आणि भाकड दिवसांचा खर्च दुधाने भरून निघत नाही. दुभत्या गाईला शरीरपोषणासाठी किलो-दीड किलो खुराक, शिवाय दर अडीच-तीन लिटर दुधामागे आणखी किलोभर, सोबत हिरवा चारा आणि रोज मूठभर क्षारमिश्रण लागते. वासराला पहिल्या तासाभरात चीक मिळाला पाहिजे (खरवसाची घाई मग करावी!), विण्यापूर्वी दोन महिने गाय आटवली पाहिजे आणि पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेतली पाहिजे. कापसाच्या मुलखात सरकीची ढेप घरची. तरीही ढेप गावाबाहेर आणि गाय उपाशी, हे दृश्य नवे नाही. बँकेत असताना गाईसाठी कर्जे दिली. गाईची किंमत कागदावर चोख असायची, चाऱ्याची तजवीज कोणी विचारतच नसे.

पुढे संकरित गाई आल्या, गवळाऊ मागे पडली. पण जास्त दुधाची गाय जास्त खाते, आजारीही लवकर पडते. गोठ्यातले काम त्यामुळे वाढलेच.

शेठजींना हे पाहायचे नव्हते. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यात गोसेवा परिषद भरली. पाहुणे पांगून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच, ११ फेब्रुवारीला, मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. वय अवघे बावन्न. गोपुरीतच त्यांना अग्नी दिला गेला. संघाची धुरा जानकीदेवींनी उचलली आणि स्वतःची संपत्तीही त्याच कामाला वाहिली.