आठवणी लिहिणाऱ्या रमाबाई

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा आरोग्यावरच काहीतरी लिहावे असे आधी वाटले. पण डॉक्टरांचे सल्ले तुम्ही वर्षभर ऐकताच. म्हणून यंदा माझ्या आवडत्या एका लेखिकेविषयी लिहिते आहे. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, सरकारी न्यायाधीश. पहिली पत्नी वारली होती. सुधारक म्हणून त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या शब्दापुढे त्यांनी मान तुकवली. त्यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली.

रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी लग्न होताच शिकवणी सुरू केली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी आणि अबोला, रात्री पाटी आणि पुस्तक. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे रानड्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हा त्यांना वर्तमानपत्रे आणि पत्रे वाचून दाखवण्याचे काम याच शिकलेल्या पत्नीने केले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. त्यानंतर रमाबाईंनी आपल्या संसारातल्या आठवणी लिहून काढल्या. १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले, त्याला प्रस्तावना नामदार गोखल्यांची. जुन्या रीतीप्रमाणे त्यात पतीचे नाव न घेता, स्वतः या शब्दानेच त्यांचा उल्लेख येतो.

या पुस्तकात थोर न्यायमूर्ती घरातल्या कपड्यांत भेटतात. १८८६ साली कामानिमित्त हे दांपत्य कलकत्त्याला राहत होते. रानडे तिथे बंगाली शिकू लागले. एके दिवशी ते दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच पुस्तकातल्या शब्दांचे उच्चार विचारत होते. रमाबाईंना ऐकून संकोच वाटला आणि या नव्या गुरूवरून त्यांनी पतीची थट्टा केली. रानड्यांनी उत्तरादाखल दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली! हा प्रसंग कुठल्या सरकारी कागदात सापडणार?

रमाबाईंनी नुसते गोडच लिहिले असे नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून १८९० साली केवढा गदारोळ झाला! पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंना रुचले नव्हते, आणि तेही त्यांनी लपवले नाही. पतीला देव मानणाऱ्या स्त्रीने असे लिहावे, याला धैर्य लागते. पण त्यामुळेच त्यांच्या बाकीच्या शब्दांवरही आपला विश्वास बसतो.

१९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथल्या स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून रमाबाई झटल्या. परक्यांची शुश्रूषा करणे कुलीन बाईला शोभत नाही असे मानण्याचा तो काळ. तरी सेवासदनच्या मुली ससून रुग्णालयात शिकायला गेल्या. मी त्याच ससूनमध्ये डॉक्टर झाले. वॉर्डातल्या सिस्टर आम्हा शिकाऊ डॉक्टरांना इंजेक्शनपासून माणुसकीपर्यंत सारे शिकवत. त्या पांढऱ्या गणवेशामागे रमाबाईंचे कष्ट होते, हे मला पुस्तक वाचल्यावर उमगले. १९२४ साली रमाबाई गेल्या.

आता थोडे आपल्याविषयी. इथे जन्मलेली आपली मुले माझ्या दवाखान्यात येतात. आजोबांना कोणता आजार होता, असे विचारले की ती आईला फोन लावतात, आणि आई भारतात मावशीला! हृदयविकार, मधुमेह यांची माहिती निदान मावशी तरी देते. पण आजोबा गाव सोडून मुंबईला का आले, आजीचे शिक्षण कोणी थांबवले, हे सांगणारे माणूस आपल्या घरी एखादेच उरलेले असते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण मी रोज पाहते, म्हणून सांगते, या कामात दिरंगाई परवडत नाही.

तेव्हा मंडळी, वही घ्या. अख्खे आत्मचरित्र नको, एक प्रसंग पुरे. एक पान, घडले तसे. माणसांची नावे, गाव, साल घाला. घरातले मतभेदही येऊ द्यात. भाषेची काळजी नको. रमाबाईंनी तर मुळाक्षरेच लग्नानंतर गिरवली होती. आणि आई-वडील इथे राहायला आले असतील, तर आज महाप्रसादानंतर त्यांच्याशेजारी बसून एक प्रश्न विचारा. उत्तर लिहून ठेवा.

लिहिण्याची सुरुवात श्रीगणेशाने करण्याची आपली रीत आहेच. गणपती बाप्पा मोरया!