उंधेरा गावचा हिशेब : वाल्डेमार हाफकिन यांचे जीवन

बडोदे शहरापासून सुमारे सहा मैलांवर उंधेरा नावाचे गाव. १८९८ सालच्या आरंभी या गावात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगाने, ठाण मांडले होते. मुलूख गायकवाड सरकारचा आणि गादीवर सयाजीराव महाराज. त्या वर्षी फेब्रुवारीच्या १२ तारखेला या गावी जे घडले, ते जगाच्या वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. ते ज्यांनी घडवून आणले त्या वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव आपल्या कानांवरून गेलेले असते. पण त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरी एका यहूदी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात थोर जीवशास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह त्यांना गुरू म्हणून लाभले. त्या काळी त्या देशात यहूदी लोकांवर दंगेखोर चालून येत, घरे लुटीत आणि माणसे मारीत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या संरक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि उलट त्यांनाच तुरुंग पाहावा लागला. मेच्निकॉव्ह यांनी मध्यस्थी केली म्हणून ते सुटले. पुढे बुद्धी असूनही यहूदी असल्यामुळे विद्यापीठातील मानाच्या जागा त्यांना बंद राहिल्या. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती, पण पोटासाठी त्यांनी तसे केले नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यात हा छळ झाला, ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालूनच वाचली पाहिजे.

१८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवून १८८९ मध्ये ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ग्रंथपालाच्या मदतनिसाची नोकरी त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा त्यांचा क्रम होता.

तेथे त्यांनी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूवर काम केले. रोगजंतू एकाच स्वभावाचे राहत नाहीत, हे पाश्चर यांनी दाखवून दिले होते. हाफकिन यांनी पटकीचे जंतू एका गिनीपिगाच्या शरीरातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या, असे पुढे पुढे नेले, तेव्हा त्यांचे विष वाढत गेले. तेच जंतू उष्ण हवेत वाढवले, तेव्हा ते दुबळे झाले. आधी दुबळ्या जंतूंची आणि मग जहाल जंतूंची टोचणी द्यायची, म्हणजे शरीर झुंजीला तयार होते, असा त्यांचा विचार होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या एका वस्तीत १८९४ मध्ये सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे पटकीचे दहा रोगी झाले व त्यांतील सात दगावले. हे दहाही लस न घेतलेल्यांपैकी होते. मग आसामच्या चहामळ्यांत त्यांनी हजारोंना टोचले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगाचा रोगी ओळखला, आणि पश्चिम हिंदुस्थानावर आकाश कोसळले. गिरण्या ओस पडल्या, लोक गावोगाव पळाले व त्यांच्याबरोबर रोगही पळाला. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. घरझडत्यांच्या जाचातून प्रजेचा संताप पेटला आणि जूनमध्ये रँड साहेबावर गोळी झाडली गेली. याच धामधुमीत १८९७ चा साथरोग कायदा झाला. आमच्या हयातीत, २०२० साली, कोरोनाच्या वेळी सरकारने तोच कायदा पुन्हा बाहेर काढला.

हाफकिन मुंबईस आले तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व पडवी मिळाली. हाताखाली मोजकी माणसे. मटणाच्या रश्श्यात त्यांनी प्लेगाचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, म्हणजे त्यांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, ही त्यांची युक्ती. मग ते द्रव तापवून जंतू मारायचे व त्यात थोडे कार्बोलिक घालायचे. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी इतरांना देतात त्याहून मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते काम करीत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, आणि निकाल आशा वाटावी असा आला.

तरीही शंका राहिलीच. स्वखुशीने पुढे येणारा माणूस बहुधा धडधाकट किंवा अधिक सावध असतो. तो वाचला तर लसीमुळे वाचला की आपल्या प्रकृतीमुळे? ही शंका फेडायची तर एकाच घरात राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे घेऊन त्यांतील निम्म्यांना लस द्यावी व निम्म्यांना देऊ नये, याहून चांगला मार्ग नव्हता. म्हणून उंधेरा.

त्या दिवशी गावकऱ्यांची घरवार नोंद झाली. प्रत्येक कुटुंबातील पुरुष, बायका, मुले, सशक्त, अशक्त यांची शक्य तितकी सारखी वाटणी करून एका भागाला लस टोचली. सुमारे साडेनऊशे माणसांपैकी ५१३ जणांना टोचले, ४३७ जणांना टोचले नाही. नंतर सहा आठवड्यांनी पुन्हा घरोघर चौकशी झाली. २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले व तिघे वारले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ वारले.

वाचकहो, हे आकडे सावकाश वाचावेत. एकच छप्पर, एकच चूल. पण एका बाजूला तीन मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला सव्वीस. लसीचा गुण याहून स्पष्ट कसा दिसावा? परंतु त्या सव्वीस माणसांपाशी आमचे मन अडते. ती कोणाची आई, कोणाचा मुलगा होती. लस लाभते की नाही हे त्या दिवशी कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते, हे खरे. तरीही ज्या ज्ञानाच्या आधारावर पुढे लाखो लोक वाचले, त्याची किंमत उंधेऱ्याच्या घरांनी मोजली. लसीच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे राहतात. या गावकऱ्यांचेही स्मरण राहावे, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट त्या तिघांची. लस घेऊनही ते गेले. हाफकिन यांनी हे झाकले नाही. हिशेबात जशी यशाची बाजू लिहिली तशी अपयशाचीही लिहिली. लस म्हणजे अभयदान नव्हे, धोका पुष्कळ कमी करणारा आधार आहे, एवढेच ते आकडे सांगत होते.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून देशोदेशी लस जाऊ लागली. यश शिखरास पोचले असे वाटत असतानाच घाला आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले होते असे १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली परळहून आलेली, तेव्हा दोष परळचा, असे ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ते वैद्य नव्हते, परदेशी होते आणि यहूदी होते. त्यांचे भले न चिंतणारे पुष्कळ होते.

पुढे कागदपत्र उघड झाले तेव्हा कळले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचासाठी वापरला गेला. बाटली उघडल्यावर तिच्यातील लसीला धनुर्वाताची घाणही येत नव्हती. दोष आत असता तर ती आली असती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू जाहीरपणे उचलून धरली. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स पत्रात दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र आले. त्याच वर्षाअखेर सरकारने त्यांना दोषमुक्त केले. पाच वर्षे एक निरपराध माणूस एकोणीस मृत्यूंचा डाग कपाळी घेऊन वावरला.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास काम करून पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नाही. उत्तरायुष्यात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचे निष्ठेने पालन करीत. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हे चरित्र आता सांगण्याचे कारण असे. कोरोनाच्या काळात आमच्या मंडळ्यांची दारे बंद झाली आणि आम्ही आपली माणसे मोजक्या लोकांनिशी पुरली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लस देणे सुरू झाले, आणि लगेच एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट आली. ती डेल्टा नावाच्या बदललेल्या विषाणूची होती. हा प्रकार प्रथम आपल्याच देशात आढळला. वर्षअखेर ओमिक्रॉन आला. लस घेतलेलेही आजारी पडले, तेव्हा घराघरांत प्रश्न निघाला की मग लसीचा उपयोग काय?

प्लेग हा जिवाणूचा रोग, कोरोना विषाणूचा. दोन्ही एक नव्हेत. विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य नकला काढतो. पूर्वी शास्त्रलेखांच्या नकला हाताने करीत तेव्हा एखादे अक्षर चुकत असे, तसेच येथेही होते. बहुतेक चुका वाया जातात. पण एखाद्या चुकीने विषाणू लवकर पसरू लागतो, किंवा लसीने शिकवलेल्या शरीराला तो चटकन ओळखू येत नाही. मग लागण होते. तरीही शरीराची शिकवण पुरती वाया जात नाही, म्हणून लस घेतलेल्यांत जीवघेणे दुखणे व मृत्यू पुष्कळ कमी राहिले. शिवाय रोग जितका कमी पसरेल तितक्या नकला कमी, आणि नकला कमी तितकी नव्या बदलाची संधीही कमी. जंतू बदलतात, हे हाफकिन पॅरिसच्या प्रयोगशाळेत आपल्या हातांनी पाहत होते. म्हणून लसही पुन्हा पुन्हा तपासावी लागते, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

लस घेऊन शेजारी आजारी पडला, एवढ्यावरून निवाडा करणे सोपे असते. त्याच घरातील दुसऱ्या बाजूची माणसेही मोजणे कठीण असते. उंधेऱ्यात ते कठीण काम झाले. आणि मलकोवालच्या बाटलीबद्दल झाले तसे, पुरावा पाहण्याआधी माणसाला दोषी ठरवणे हे तर साथीच्या दिवसांत आम्हा सर्वांच्याच हातून घडते. पुढची साथ केव्हा येईल ते देव जाणे. ती आली म्हणजे ऐकीव गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी आम्ही दोन्ही बाजूंची माणसे मोजू, आणि आळ घेण्यापूर्वी थांबू, एवढा निश्चय या चरित्रातून घेतला तरी पुष्कळ झाले.