भास्कराचार्यांचा ‘एक्स’

चंद्रपूर-गडचिरोलीत कोडिंग शिकताय? मग ‘एक्स = एक्स + १’ बघून तुम्हीही डोकं खाजवलं असेल. भास्कराचार्यांना हे समीकरण म्हणून पटलंच नसतं! जन्म १११४चा, गुरू वडीलच, महेश्वर. ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी. त्यातल्या बीजगणितात अज्ञातांची नावं यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक... चक्क रंगांची. गणित संपेपर्यंत एका नावाची किंमत एकच.

पण त्यांची चक्रवाल पद्धत बघा. कनिष्ठ, ज्येष्ठ, क्षेप ही नावं तीच, प्रत्येक फेरीत किमती मात्र नव्या. आपला लूपच की! कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गच येतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग. कॉम्प्युटरशिवाय!

पुढे चाळीसगावजवळ पाटणला नातू चांगदेवाने मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवायला.